घरातला लेथ : सुरक्षितता हीही भांडवली गुंतवणूकच

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



लघुउद्योग, स्वयंरोजगार, कौशल्यविकास हे शब्द आपण अभ्यासक्रमात वारंवार वाचता. या विषयांवरील प्रश्नांची उत्तरे लिहिताना योजनांची नावे, तरतुदीचे आकडे आणि लाभार्थींच्या अटी आपल्याला तोंडपाठ असतात. परंतु योजनेतून मिळालेले यंत्र कारागिराच्या घरात प्रत्यक्ष उतरते, त्या दिवशी तिथे काय घडते याचा विचार आपल्या उत्तरांत क्वचितच येतो. आज मी मुद्दाम एकच यंत्र निवडले आहे. ते म्हणजे लाकूड कातण्याचा लेथ. तो घरच्या कार्यशाळेत सुरक्षितपणे कसा बसवावा, आणि त्या सुरक्षिततेचा खर्च कोणी करावा, या दोन प्रश्नांचा आपण एकत्र विचार करू. पहिला प्रश्न तंत्राचा वाटतो आणि दुसरा अर्थशास्त्राचा. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

हातलेथकडून विजेच्या लेथकडे

बेंगळुरू-म्हैसूर मार्गावर, बेंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण हे गाव आहे. येथील लाखेच्या रंगातील लाकडी खेळण्यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका आणि आपल्याकडील सावंतवाडी ही याच परंपरेतील अन्य नावाजलेली गावे. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका या दोन्ही ठिकाणी प्रामुख्याने काळ्या कुड्याचे मऊ, पांढरट लाकूड वापरले जाते. लाकूड लेथवर फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानाने तिला झळाळी आणतात. कात, रंग आणि चकाकी ही तिन्ही कामे एकाच यंत्रावर होतात. म्हणूनच लेथ हे या कारागिराचे सर्वांत महत्त्वाचे भांडवल ठरते.

जुना लेथ दोरीने किंवा धनुकलीने फिरवला जाई. त्याची गती मर्यादित होती आणि ती माणसाच्या स्नायूंतून येत होती. हात थांबला की लाकूड थांबे. म्हणजेच यंत्र थांबवण्याची व्यवस्था यंत्राच्या रचनेतच होती, तिच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नव्हता. विजेची मोटर बसली, उत्पादन वाढले, माल एकसारखा निघू लागला, अंगमेहनत कमी झाली. हे सर्व लाभ खरे आहेत. परंतु मोटरला हात अडकल्याचे कळत नाही. जुन्या यंत्रात विनामूल्य मिळणारी सुरक्षितता नव्या यंत्रात विकत घ्यावी लागते. यांत्रिकीकरणाच्या हिशेबात ही बाब बहुधा धरली जात नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत सुतार आहेत, तसेच पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणारे कारागीरही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज, त्यावर ५ टक्के सवलतीचा व्याजदर आणि प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन अशी तिची रचना आहे. अशा साहाय्यामुळे यंत्र घरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सुकर होतो. नवे यंत्र घरी येणे ही प्रगतीच आहे. प्रश्न इतकाच की त्या यंत्राबरोबर आणखी काय घरी यायला हवे?

कायद्याचा उंबरठा

कारखान्यात यंत्राभोवती कुंपण असावे, चालत्या यंत्रापाशी अप्रशिक्षित माणसाने जाऊ नये, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले. तथापि तो अधिनियम विजेचा वापर असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार असलेल्या जागेलाच लागू होता. कलम ८५ अन्वये राज्य सरकारला याहून लहान जागांनाही तो लागू करता येत असे. परंतु मालक केवळ आपल्या कुटुंबीयांच्या मदतीने काम करीत असेल, तर ती जागा या कलमातूनही वगळलेली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कारखान्याची मर्यादा विजेसह २० आणि विजेविना ४० कामगार अशी वाढवली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

घराच्या पडवीतील लेथ या सर्व तरतुदींच्या बाहेर राहतो. यात कायदेमंडळाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. कुटुंबाच्या घरात निरीक्षक पाठवणे व्यवहार्य नाही आणि कित्येकदा इष्टही नाही. पण या वगळण्याची व्याप्ती किती मोठी आहे हे लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३ व्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातील असंघटित बिगरशेती उद्योगांपैकी सुमारे ८४ टक्के उद्योगांत नियमित पगारी कामगार एकही नव्हता. तेथे मालकच कामगार आहे. त्याची सुरक्षितता कायद्याने नव्हे, तर यंत्र बसवण्याच्या पद्धतीनेच ठरते. म्हणून त्या पद्धतीकडे वळू.

जागा आणि पाया

लेथसाठी जागा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की, लाकूड सुटले तर ते कुठे जाईल? फिरणारे लाकूड आपल्या अक्षाशी काटकोनात फेकले जाते. त्या रेषेत दार, खिडकीची काच, चूल किंवा कोणाची बसण्याची जागा असू नये. काम करणाऱ्याची पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे असू नये, कारण मागून कोणी हाक मारली की मान वळते, पण हात हत्यारावरच असतो. स्वयंपाकघर आणि लेथ यांच्यामध्ये शक्यतो भिंत असावी. लाकडाचा भुसा आणि लाख दोन्ही पेट घेणारे आहेत.

दुसरी बाब पायाची. ओबडधोबड लाकडाचा भार अक्षाभोवती समतोल नसतो, त्यामुळे फिरताना सारे यंत्र थरथरते. यंत्र हलके आणि जमीन शेणाने सारवलेली किंवा फरशी सुटलेली असेल तर ते जागेवरून सरकते. काँक्रीटचा पाया करून त्यात नटबोल्ट पुरणे उत्तम. ते शक्य नसल्यास मजबूत लाकडी चौकटीवर यंत्र घट्ट बसवून खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवावीत. पाया समपातळीत हवा, अन्यथा बोल्ट आवळताना लेथचा बेड पिळला जातो. मग दोन्ही बाजूंची टोके समोरासमोर आणून पाहावीत. ती एकमेकांच्या नेमकी समोर आली पाहिजेत. अक्षाची उंची काम करणाऱ्याच्या कोपराइतकी ठेवावी. जमिनीवर बसून काम करण्याची सवय असलेल्या कारागिराला उभ्याचा लेथ दिला, तर त्याची उंची त्याच्याच मापाने ठरवावी. कमी उंचीच्या यंत्रावर माणूस वाकतो आणि त्याचा चेहरा फिरत्या लाकडाच्या जवळ जातो.

वीज जाते तेव्हा नव्हे, येते तेव्हा

विजेच्या जोडणीबाबत तीन गोष्टी आवश्यक आहेत. लेथला स्वतंत्र तार आणि १५ किंवा १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट असावे. दिव्याच्या सॉकेटला वायर गुंडाळून मोटर चालवू नये. मोटरच्या लोखंडी अंगाला खरे अर्थिंग हवे. तीन पिनांच्या प्लगमधील तिसरी पिन कुठेच जोडलेली नसेल, तर ती केवळ शोभेची ठरते. आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मीटरनंतर बसवावे. प्रवाह मर्यादेबाहेर वाढल्यावर पडणारा साधा एमसीबी तारेचे रक्षण करतो. माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या अल्प प्रवाहाने तो पडत नाही. हा फरक पुष्कळ घरांत माहीत नसतो.

चौथी गोष्ट मी स्वतःच्या अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी छंद म्हणून घराच्या मागच्या पडवीत एक लहान लेथ बसवला. मोटरला साधा खटक्याचा स्विच होता. एका दुपारी काम चालू असताना वीज गेली. लाकूड थांबले. स्विच चालूच राहिला आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. मी टेलस्टॉक सैल केला, लाकूड हातात धरले, आणि नेमकी वीज आली. लाकूड हातातून निसटून समोरच्या भिंतीवर आदळले. माझ्या मनगटाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. परंतु त्या दिवशी माझी सहा वर्षांची पुतणी त्या भिंतीपाशी बसून चित्रे काढत असे ती नेमकी शाळेत होती. माझ्या हिशेबात यंत्राची किंमत होती, विजेचा खर्च होता, पटाशांचा खर्च होता. त्या एका क्षणाची नोंद कुठेही नव्हती. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पडवीतला हिशेब करता आला नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. हिरव्या व लाल बटणाचा स्टार्टर बसवला, की वीज जाताच आतील चुंबकाची पकड सुटते आणि वीज परत आली तरी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. शेतपंपाला असाच स्टार्टर असतो. गंमत अशी की शेतकरी त्यावर आणखी एक ‘ऑटो स्विच’ बसवतो, कारण रात्री-अपरात्री वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा अशी त्याची गरज असते. तेथे जी सोय, तीच लेथवर घातक ठरते. म्हणून शेतपंपाची जुनी मोटर आणि स्टार्टर लेथला जोडताना हा ऑटो स्विच काढला आहे ना, हे आधी पाहावे. लाल बटण मात्र असे असावे की दोन्ही हात गुंतलेले असताना गुडघ्याने किंवा कमरेने दाबता येईल.

प्रकाशाबाबतही एक सूक्ष्म धोका आहे. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. मिनिटाला १५०० फेरे घेणारा चौकोनी ठोकळा सेकंदाला २५ वेळा फिरतो. दोन झगमगाटांच्या मध्ये तो नेमका पाव फेरा घेतो, म्हणून तो स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. लेथवर स्वतंत्र, न लुकलुकणारा दिवा हवा तो यासाठी.

पट्टा एका पायरीने चुकला तर

लेथच्या वेगाचा हिशेब शालेय गणिताचा आहे आणि तो प्रत्येक कारागिराला करता यावा. समजा, मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरवर ५ सेंटिमीटरची आणि लेथच्या दांड्यावर १५ सेंटिमीटरची पुली असेल, तर लाकूड मिनिटाला ४८० फेरे घेईल. पट्टा उलट बसवला, म्हणजे मोटरवर १५ आणि दांड्यावर ५ सेंटिमीटरची पुली आली, तर तेच लाकूड ४३२० फेरे घेईल. २० सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्याचा काठ पहिल्या वेळी ताशी सुमारे १८ किलोमीटर, म्हणजे सायकलच्या वेगाने धावतो. दुसऱ्या वेळी तो वेग ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. वेग नऊपट झाला की ऊर्जा एक्क्याऐंशीपट होते. यंत्र तेच, लाकूड तेच, माणूस तोच. फरक केवळ पट्ट्याच्या जागेचा.

यासाठी कातकामात एक ढोबळ नियम वापरतात. लाकडाचा व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता येणारा आकडा ६ हजार ते ९ हजारांच्या दरम्यान असावा. दोन इंचांच्या दांड्याला ३००० फेरे चालतात. आठ इंचांच्या वाडग्याला सुमारे ७५० पुरेत. लाकूड ओबडधोबड असताना मात्र नेहमी सर्वांत कमी वेगानेच सुरुवात करावी. हा तक्ता रंगाने भिंतीवर, लेथच्या समोर लिहून ठेवावा. त्याचा खर्च रंगाच्या एका डबीइतका आहे.

नवा लेथ पहिल्यांदा सुरू करताना त्यावर लाकूड चढवू नये. पट्ट्यावर जाळी किंवा पत्र्याचे झाकण घालावे. चकची किल्ली काढून ठेवली आहे याची खात्री करावी आणि बाजूला उभे राहून रिकामे यंत्र कमी वेगावर दहा मिनिटे चालवावे. आवाज, थरथर आणि मोटरची उष्णता पाहावी. फिरण्याची दिशाही तपासावी. लाकडाचा वरचा पृष्ठभाग काम करणाऱ्याकडे यावा आणि खाली जावा. तारा उलट जोडल्या गेल्यास मोटर उलट फिरते आणि आट्यांवर बसवलेले चक फिरता फिरता निघून येऊ शकते. मग लाकूड चढवावे, टेलस्टॉक घट्ट करावा, हत्याराचा टेकू लाकडापासून काही मिलिमीटरवर आणावा आणि मोटर सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. लाकूड कुठे अडत नाही ना, हे या एका फेऱ्यात कळते. टेकूची जागा बदलायची ती यंत्र पूर्ण थांबल्यावरच.

पदर, हातमोजा आणि केवड्याचे पान

लेथवर हातमोजे घालू नयेत. संरक्षणाचे साधन म्हणून हातमोजा आपल्या मनात इतका ठसलेला आहे की ही सूचना विचित्र वाटते. परंतु फिरत्या लाकडात मोज्याचा धागा अडकला की तो बोटासकट ओढला जातो. हाच नियम साडीचा पदर, ओढणी, उपरणे, लोंबत्या बाह्या, बांगड्या, अंगठ्या आणि मोकळे केस यांनाही लागू आहे. कात उद्योगात स्त्रियाही काम करतात. त्यांच्यासाठी पदर खोचून वर बांधायचा जाड कापडाचा तंग अंगरखा हा कामाचा पोशाख मानला गेला पाहिजे. डोळ्यांसाठी साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल हवी.

लाखेला चकाकी आणताना कापडाची चिंधी बोटाभोवती गुंडाळण्याचा मोह होतो. परंपरेतील पान याबाबत शहाणपणाचे आहे. पान अडकले तर फाटते, कापड फाटत नाही. ज्याने प्रथम पान वापरले त्याने ते चकाकीसाठीच वापरले असेल, पण त्यात सुरक्षितताही आपसूक आली. तंत्र बदलताना जुन्या पद्धतीत असे काय दडलेले आहे हे न पाहता ती टाकून देऊ नये. जवसाच्या तेलाने पॉलिश करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

धुळीचा धोका सावकाश येतो, म्हणून दुर्लक्षित राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. कारखान्यातील कामगार आठ तासांनी धुळीतून बाहेर पडतो. घरच्या कार्यशाळेत धूळ रात्रीही अंथरुणावर असते आणि ती सारे कुटुंब श्वासावाटे घेते. नाकावर चांगला मास्क, धूळ घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेने टाकणारा पंखा आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, एवढे किमान केले पाहिजे.

मुलांबाबत कायदा काय म्हणतो हे आपण वाचलेच असेल. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची मुभा आहे, पण तो उद्योग धोकादायक नसावा. कारागिराच्या घरात कला मुलांकडे पाहण्यातूनच जाते, ती परंपरा तोडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाहणे वेगळे आणि चालत्या लेथपाशी हात घालणे वेगळे. काम संपल्यावर प्लग काढून ठेवणे किंवा स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावणे हा या प्रश्नाचा व्यवहार्य तोडगा आहे.

अपघाताची किंमत कोण मोजतो?

आता अर्थशास्त्राकडे येऊ. कारखान्यातील धोकादायक कामाला थोडे अधिक वेतन मिळते, असे ॲडम स्मिथपासून सांगितले जाते. स्वयंरोजगारी कारागिराला असे अधिक वेतन देणारा कोणी नसतो. खेळण्याची किंमत बाजारात ठरते आणि ते सुरक्षित लेथवर बनले की असुरक्षित, हे ग्राहकाला दिसत नाही. २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशाने, जो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, खेळणे मुलासाठी सुरक्षित असावे यासाठी मानके ठरवली. ही उचित गोष्ट झाली. खेळणे घडवणाऱ्या हातांसाठी मात्र तशी विचारणा नाही.

विम्याचा आधार आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख रुपये देते. इतक्या अल्प हप्त्यात हे संरक्षण मोठे आहे आणि प्रत्येक कारागिराने ते घ्यावे. परंतु अंशतः अपंगत्व म्हणजे एक डोळा, एक हात किंवा एक पाय निकामी होणे. त्या व्याख्येत बोटांचा उल्लेख नाही. कातारी अंगठा गमावतो तेव्हा त्याचे सारे कौशल्य जाते. कर्जाचा हप्ता मात्र जात नाही.

अपघातांच्या अर्थशास्त्रावर गुइडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्ये एक मूलगामी ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अपघातांचा खर्च आणि ते टाळण्याचा खर्च यांची बेरीज किमान व्हावी. त्यासाठी जो पक्ष अपघात सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर ती जबाबदारी टाकावी. ही कसोटी आपल्या लेथला लावून पाहा. चुंबकीय स्टार्टर आणि पट्ट्याचे झाकण सर्वांत स्वस्तात कोण बसवू शकतो? अर्थातच यंत्र तयार करणारा. कारागिराने ते नंतर सुटे विकत घ्यायचे म्हटले तर खर्च वाढतो आणि पुढे ढकलला जातो. वेगाचा तक्ता आणि पहिल्या दिवसाची तपासणी कोण शिकवू शकतो? प्रशिक्षण देणारी संस्था, कारण कारागीर तिच्यासमोर बसलेलाच असतो. पाया आणि अर्थिंग यांचा खर्च कर्जात धरणे कोणाला सोपे आहे? बँकेला. आणि पदर खोचणे, टेकू जवळ आणणे, प्लग काढणे हे फक्त कारागीरच करू शकतो. अशी वाटणी केली तर ‘सुरक्षितता ही सर्वांची जबाबदारी आहे’ या गुळगुळीत वाक्याला अर्थ येतो. एरवी जी जबाबदारी सर्वांची असते, ती कोणाचीच नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. अशा अटी घातल्या तर यंत्र महागेल, कर्जाला आणखी एक प्रमाणपत्र लागेल, आणि गरीब कारागीर जुन्या मोटरचा जोडकामाचा लेथ घेईल, जो अधिकच धोकादायक असेल. म्हणूनच मी अटींपेक्षा समावेशाचा पुरस्कार करतो. अनुदानित अवजारांच्या यादीत लेथच्या किमतीतच स्टार्टर, झाकण आणि चेहऱ्याची ढाल धरलेली असावी, गळतीरक्षक व अर्थिंग हा कर्जाच्या अंदाजपत्रकातील नेहमीचा रकाना असावा आणि प्रशिक्षणातील अर्धा दिवस यंत्र बसवण्यासाठी राखून ठेवावा. कारागिराला यासाठी वेगळा अर्ज करावा लागू नये. न मागता मिळणारी सुरक्षितताच प्रत्यक्षात वापरली जाते.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या तालुक्यात यंत्रवाटपाचा कार्यक्रम असेल, मंडपात नवे लेथ ओळीने मांडलेले असतील आणि लाभार्थींची यादी आपल्या हातात असेल. त्या वेळी एका लेथजवळ जाऊन दोन प्रश्न विचारा. वीज जाऊन परत आली तर हे यंत्र आपोआप सुरू होईल का? आणि हे ज्या घरात जाणार आहे तेथील अर्थिंग कोणी पाहिले आहे का? या प्रश्नांची उत्तरे यादीतील कोणत्याही रकान्यात नसतील, तर तो रकाना वाढवणे आपल्या अधिकारात असेल.

भांडवलाची व्याख्या आपण पाठ केली आहे. पुढील उत्पादनासाठी वापरले जाणारे उत्पादनाचे साधन म्हणजे भांडवल. कारागिराच्या घरात अशी साधने दोन असतात. एक लेथ आणि दुसरे त्यावर चालणारे हात. पहिल्याचा घसारा आपण दरवर्षी काढतो. दुसऱ्याचे रक्षण करणारा खर्चही यंत्राच्या किमतीतच मोजला गेला पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे होते.